फोनले गप्प बसवता बसवता

आमच्या ऑफिसात चहाचे कप रोज धुतले जातात, किस्से मात्र कधीच नाहीत. ते तसेच साचत जातात. कोणी नवा पाहुणा आला, त्यानं सहज "तुम्ही लोक नेमकं करता तरी काय?" असं विचारलं, की एक किस्सा निघतो. त्याच्या मागून दुसरा. आणि पाहुण्याची गोंदियाची गाडी चुकते! मागे असाच एकजण मुक्कामालाच राहिला. सकाळी निघताना तोच म्हणाला, "हे कुठंतरी लिहून टाका बुवा. लोकांना वेळेवर घरी तरी जाता येईल."

म्हणून लिहितोय.

ऑफिस म्हणजे बालाघाटात थ्रेशरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन. पटले दादा मालक. आधी त्यांचं मोबाईल विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. कोडमधलं त्यांना काही कळत नाही, पण गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते कशानं चिडलंय हे त्यांना चपलेच्या आवाजावरून कळतं. दुसरी वैशाली मेश्राम, खैरलांजीची. कोड तिचा. तिसरा मी, नितीन. कोड मीही लिहितो. मग वैशाली तो पुन्हा लिहिते.

आणि आमचं ॲप एकच. बटण दाबलं की फोन गप्प! रिंग बंद, थरथर बंद, स्क्रीनचा उजेड मंद. सभा असो, भजन असो, अभ्यास असो. ठरवलेली वेळ संपली की सगळं पुन्हा जसं होतं तसं. एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइडवरही चालवायचं, आयफोनवरही.

ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं!

* * *

हे सगळं सुरू झालं एका शोकसभेतून.

वॉर्डातले एक जुने मास्तर वारले. सगळ्यांचे आवडते. सभेला ही गर्दी. पटले दादा वॉर्डातले मान्यवर, म्हणून अगदी पुढे, फोटोच्या शेजारी उभे. दोन मिनिटं शांतता पाळायची असं ठरलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आणि दादांच्या खिशात वरातीतलं गाणं वाजायला लागलं!

पँट नवीन, खिसा घट्ट. उभ्याउभ्या फोन निघेना. म्हणून दादा कमरेत वाकले. मागच्या लोकांना वाटलं, शांतता संपली, आता नमस्कार करायचाय. तेही वाकले. त्यांचं पाहून त्यांच्या मागचे वाकले. वरातीच्या गाण्यावर अख्खी सभा फोटोपुढं वाकून उभी!

मास्तरांचा मुलगा नंतर दादांना म्हणाला, "काका, बाबांना एवढा मान कोनीच नोहता दिला जी."

दादांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या म्हणाले, "आता असं ॲप बनवा, का एक बटन दाबलं का फोन मुका झाला पायजे."

वैशाली म्हणाली, "दादा, फोनच्या बाजूलेच बटन रायते. थेच दाबाचं."

"थे लोकं दाबत नाई," दादा म्हणाले. "ॲप असलं का दाबतीन."

वैशालीनं त्याच दिवशी कोड लिहायला घेतला. आणि खरं सांगू? माणूस बरोबर होता!

* * *

नावाचं दादांनी कोणाला विचारलंच नाही.

"नाव असं पायजे, का ऐकल्याबरोबर समजलं पायजे फोन गप्प होते म्हनून. गुपचुप!"

आता आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. बालाघाटात गुपचुप म्हटलं की माणसाच्या हातात आधी द्रोण येतो, मग बाकीचा विचार.

वैशालीनं हे समजावून सांगितलं. दादांचा चेहरा उजळला. "मंग त अजूनच चांगलं! लोकायले नाव पयलेच पाठ आहे."

पहिल्याच आठवड्यात शेरे यायला लागले. एकानं लिहिलं होतं, "ऐप खोला, फोन बंद हो गया, गुपचुप नहीं आया।" एक स्टार. दुसऱ्याला उकडलेले चणे हवे होते की बटाटा, तेही सांगायची सोय नव्हती म्हणे. एक स्टार.

आणि मग फोन यायला लागले. हेल्पलाइनचा नंबर म्हणजे दादांचाच नंबर. एक दिवस दुपारी त्यांनी फोन उचलला, तर पलीकडून एक बाई बोलल्या, "भैया, दो प्लेट भेज दो. तीखा कम."

दादा खुर्चीतून उठले. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. कोपऱ्यावर गुपचुपवाल्याचा ठेला नुकताच लागत होता.

"पता बताइए," दादा म्हणाले.

स्वतः स्कूटरवर जाऊन देऊन आले! पाण्याची पिशवी हँडलला, पुऱ्यांची पिशवी गळ्यात. मी म्हटलं, "दादा, हे कायले?"

"गिराईक आहे बाबू. पयल्यांदा आपलं ॲप उघडून कोनी काई मागतलं. नाई कसं म्हनाव?"

संध्याकाळी त्या बाईंचा शेरा आला. पाच स्टार! खाली लिहिलं होतं, "गुपचुप बढ़िया था। ऐप का पता नहीं।"

* * *

आता थोडं आमच्या धंद्यातलं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

फोनचा आवाज, उजेड ही सगळी फोनची स्वतःची सेटिंग. ॲप म्हणजे त्यातला भाडेकरू. भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी परवानगी! आणि अँड्रॉइडवर फोन पार गप्प करायचा तर ती परवानगी ॲपला स्वतःच्या हातानं घेता येत नाही. आम्ही फक्त माणसाला सेटिंगच्या त्या पानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पुढं आत त्यानंच जायचं, ॲपांच्या यादीत आमचं नाव शोधायचं, त्याच्या समोरचं बटण सरकवायचं आणि परत आमच्याकडं यायचं.

जायचे बरेच लोक. परत मात्र थोडेच यायचे!

त्यात ज्यांचा फोन मराठीत, त्यांची वेगळीच अडचण. त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, "व्यत्यय आणू नका". आमच्याकडं घरात मराठी, शाळेत हिंदी. "व्यत्यय" हा शब्द घरीही नाही आणि शाळेतही नाही.

एका टेलरकाकांचा फोन आला. आवाज एकदम पडलेला.

"साहेब, म्या काईच नाई केलं जी. निस्तं तुमचं बटन दाबलं, त थो म्हनते, व्यत्यय आनू नका. म्या लगेच बंद करून ठेवला."

दादा म्हणाले, "तुमाले नाई म्हनलं जी थे. फोनच्या घरचं बोलनं आहे."

"मंग तुमी लोकं नाराज नाई न?"

"अजिबात नाई."

"ठीक आहे. पन मी त म्हनतो, आनला असन चुकून त माफी करा."

दुसरे बिसेन गुरुजी. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना आम्ही ऑफिसात बसवूनच सगळं समजावलं होतं. यादी उघडेल, त्यात गुपचुप शोधायचं, तेवढ्याचंच बटण सरकवायचं. गुरुजी घरी गेले आणि तासाभरात परत आले. "तुमचं ॲप चालू झालं, पण फोन विचित्र वागून राह्यला."

वैशालीनं फोन पाहिला. यादीतल्या एकूण एक ॲपला परवानगी! वरपासून खालपर्यंत सगळी बटणं निळी. गेम, टॉर्च, कुंडलीचं ॲप, सगळ्यांना गुरुजींचा फोन गप्प करायचा अधिकार!

"गुरुजी, सगळ्यायले कायले देली जी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "आता सगळे लाइनीनं हात वर करून बसलेले. त्यातल्या एकट्यालेच परमिशन द्याची? बाकीच्यायले काय वाटन?"

* * *

रामपायलीचा किस्सा मात्र पूर्णपणे माझ्या कोडचा.

वैशालीच्या कोडात स्क्रीनचा उजेड शून्य ते एक असा मोजला जायचा. एक म्हणजे पूर्ण, अर्धा म्हणजे निम्मा. अँड्रॉइडचं सेटिंग मात्र शून्य ते दोनशे पंचावन्न मोजतं. दोन्हीचा हिशेब जुळवायचं काम माझं, आणि ते नेमकं राहून गेलं. आम्ही पाठवला पाव उजेड. फोननं तो दोनशे पंचावन्नांपैकी एकाचाही पावच धरला आणि म्हणाला, हा तर शून्यच!

ही गंमत आम्हाला ऑफिसातल्या सावलीत दिसली नाही. दिसली थेट रामपायलीत, भर दुपारी, भजन मंडळाच्या उघड्या अंगणात. मंडळाचे अध्यक्ष रहांगडाले काका. त्यांनी मोठ्या उत्साहात सगळ्यांसमोर बटण दाबलं.

फोन काळा!

"मेला," काका म्हणाले.

"मेला नाही काका, उजेड गेलाय फक्त," मी म्हटलं.

"मानसाचंबी तसंच रायते."

आता उजेड परत आणायचा तर स्क्रीन दिसायला पाहिजे. आणि स्क्रीन दिसायची तर उजेड पाहिजे! वर उन्हानं डोळे उघडवत नव्हते. गच्च अंधार केला तर अंदाजानं काहीतरी दिसेल, असं माझं म्हणणं. मंडळाची जाड सतरंजी आणली. रहांगडाले काका, पटले दादा आणि मी, तिघं फोन घेऊन तिच्याखाली शिरलो. आत भट्टी! काका घामाघूम, दादांचा गुडघा माझ्या पोटात, आणि मी नाक स्क्रीनला टेकवून उजेडाची पट्टी शोधतोय.

बाहेरून एका बाईचा आवाज आला, "काय चालू आहे जी आतमंदी?"

ढोलकवाले बाहेरच बसले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "दर्शन. लाइनीत या."

पट्टी सापडली. उजेड आला. आम्ही सतरंजी बाजूला सारून, केस विस्कटलेले, चेहरे लाल, बाहेर आलो. आणि पाहतो तर खरंच लाइन लागलेली! सगळ्यात पुढच्या आजींनी काकांच्या हातातल्या लखलखत्या फोनकडं पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

काकांनी फोन खाली घेतला नाही. लाइन संपेपर्यंत तसाच धरून उभे राहिले!

* * *

आयफोनचं काय, असं विचारणारा आमच्या ओळखीत एकच माणूस. दादांचे साळे, राजूभाऊ. ठेकेदारी करतात. फोन नेहमी हातात, खिशात कधीच नाही.

आयफोन कुठल्याच ॲपला रिंग बंद करू देत नाही. सेटिंगमध्ये शिरू देत नाही. स्क्रीनचा उजेड तेवढा कमी करू देतो. वैशालीनं यावर खूप डोकं आपटलं. शेवटी तिनं एक सरळ मार्ग काढला. आयफोनवर आमचं बटण दाबलं की फक्त एक ओळ यायची, "कृपया फोनच्या बाजूचं बटण स्वतः दाबा."

राजूभाऊ ऑफिसात आले ते तापूनच.

"एवढा महागाचा फोन, आन मीच दाबू?"

वैशाली शांतपणे म्हणाली, "भाऊ, थो फोन बाहेरच्या कोनाचंच ऐकत नाई. कंपनीनं बनवलाच तसा. तुमी कितीबी सांगा, कितीबी विनंती करा, थो त्याच्या मनाचंच करते."

दादा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच बोलले, "भेटला बावा एकदाचा कोनी राजूले!"

* * *

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत.

शहरात अभ्यासाच्या खोल्या भाड्यानं देणारे एक गृहस्थ आले. पोरं-पोरी परीक्षेच्या तयारीला दिवसभर तिथं बसायची. त्यांना आमचं ॲप सगळ्यांच्या फोनात हवं होतं. आम्ही खूश! एवढं मोठं गिऱ्हाईक आधी आलंच नव्हतं. दादांनी चहासोबत समोसेही मागवले.

मग ते म्हणाले, "फक्त एक बदल. बटन माझ्या फोनात पाहिजे. मी दाबलं का सगळ्यांचे फोन बंद. मी सोडीन तेव्हाच चालू."

वैशालीनं हातातला समोसा बशीत ठेवला.

"नाई जमनार जी," ती म्हणाली.

"टेक्निकली?"

"टेक्निकली जमवता येईन काईतरी. पन नाई जमनार."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी समोशाकडं पाहिलं.

गृहस्थ हसले. "पोरांच्याच भल्यासाठी आहे, मॅडम."

"हौ न. मंग असं करू. पयले तुमच्या फोनावर करून पाहू. बटन माझ्या फोनात राहीन. मी दाबीन तवा तुमचा फोन बंद. चालन?"

"तुमच्या फोनात काहून?"

"तुमच्याच भल्यासाठी."

त्यांनी समोशाची बशी बाजूला सारली. उठले आणि गेले. चहा तसाच. दादा खिडकीतून त्यांना जाताना पाहत होते. मला वाटलं, आता वैशालीला बोलतील. तीही तोंड घट्ट करून तयार बसली होती.

दादा वळले आणि म्हणाले, "माई पोरगीबी अशाच एका खोलीत जाते अभ्यासाले." मग त्यांनी त्या गृहस्थांच्या बशीतला समोसा उचलून वैशालीच्या बशीत ठेवला.

* * *

सगळ्यात मोठा घोळ झाला तो उकव्यात.

तिथल्या खाणीच्या वस्तीतल्या एका मंडळानं सभेसाठी गुपचुप वापरलं. सभा झाली, सगळ्यांचे फोन मस्त गप्प राहिले, दादांच्या नावानं टाळ्यासुद्धा वाजल्या. आणि मग वेळ संपल्यावर फोन जागे व्हायला हवे होते, ते झालेच नाहीत! झालं असं, की काही फोन बॅटरी वाचवायला मागं चालू असलेली ॲपं मारून टाकतात. गप्प करून आमचं ॲपच मेलं, तर फोनला उठवणार कोण?

अख्ख्या वस्तीतले पुरुष घरी गेले, जेवले, झोपले. फोन मुके. सकाळी कामावरून बोलावणं आलेलं कोणाला कळलं नाही. एकाच्या बहिणीनं स्टँडवर उतरून फोनावर फोन केले आणि शेवटी चिडून दुसऱ्या बसनं बैहरला परत गेली! दादांना शिव्या पडल्या त्या मी इथं लिहीत नाही.

वैशालीनं त्यातून दोन गोष्टी शिकून ॲप दुरुस्त केलं. एक, उठवायचं काम आता आमच्याऐवजी फोनच्या गजराकडं दिलं. ॲप मेलं तरी गजर मरत नाही. दुसरी गोष्ट पुढं सांगतो.

पण शिव्या पडल्या त्याच दिवशी संध्याकाळी उकव्याहूनच एक फोन आला. दादांनी घाबरत घाबरत उचलला. एक बाई होत्या.

"तुमीच का जी गुपचुपवाले?"

"हौ ताई. लय चूक झाली. उद्याच सगळं..."

"थांबा न. काल आमचे हे जेवाले बसले, त फोन नाई वाजला. एकदाबी नाई. मंग काय करतीन? बोलले माह्यासंग. पोरायचं इचारलं. भाजीत काय टाकलं म्हनून इचारलं!"

"मंग आता काय करू ताई?"

बाईंनी आवाज हळू केला.

"तुमचं थे बिघडलेलं ॲप. थे अजून भेटन का?"

* * *

उकव्यातली दुसरी गोष्ट म्हणजे तारा.

लोकांचं म्हणणं रास्त होतं. फोन गप्प राहू दे, पण घरून काही अडचणीचा फोन आला तर? म्हणून वैशालीनं सोय केली. फोनातल्या ज्या नंबराला माणूस तारा लावेल, तो नंबर गुपचुप चालू असतानाही वाजणार. बाकी सगळे मुके.

हे नवं गुपचुप पहिल्यांदा लोकांसमोर न्यायचं होतं ते खैरलांजीला. वैशालीच्याच वस्तीतल्या विहारात. पौर्णिमेचा कार्यक्रम होता, वंदना आणि मग अर्धा तास शांत बसून ध्यान. महिला मंडळानं आग्रहानं बोलावलेलं. वैशाली एरवी कोणाला घाबरत नाही, पण त्या दिवशी सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. आपल्या माणसांसमोर बिघडलं तर तोंड कुठं लपवायचं?

तिनं एकेका बाईजवळ बसून तारा कसा लावायचा ते दाखवलं. कोणी मुलाला लावला, कोणी सुनेला, एकीनं गॅसवाल्याला. वैशालीची आई, वत्सलाकाकू, कोपऱ्यात बसलेल्या. वैशाली म्हणाली, "आई, आन तुहा फोन. मी लावून देतो."

काकूंनी फोन पदराआड घेतला. "मले येते."

वंदना झाली. सगळ्यांनी बटण दाबलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बाहेर एखादी चिमणी, बस! एवढे लोक आणि एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. दादांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा वर केला.

तेवढ्यात रिंग वाजली. खणखणीत!

सगळे डोळे उघडले. दादांचा अंगठा हवेतच राहिला. वैशालीचा चेहरा पांढरा. ती पुटपुटली, "कोडात बग आहे!"

फोन काकूंचा होता. काकूंनी तो पिशवीतून काढला आणि स्क्रीनकडं पाहत राहिल्या. वाजतोय, वाजतोय, पण काकू उचलत नाहीत, बंदही करत नाहीत. शेजारची बाई कुजबुजली, "उचल नाई त बंद कर वं माय!"

काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. एवढ्या लोकांमधून वाट काढत दाराबाहेर गेल्या. पायरीवर बसल्या. आणि फोन कानाला लावून एवढंच म्हणाल्या, "हौ. बोल."

मग आत पुन्हा सगळे डोळे मिटून बसले. ध्यान किती जणांचं लागलं देव जाणे. वेळ संपली, सगळे फोन आपापले जागे झाले, टिंग-टिंग करून वाजले, खीर वाटून झाली. दादा दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची माफी मागत होते. आणि काकू पायरीवरच. पाठ आमच्याकडं. फोन कानाला.

अखेरीस त्या आत आल्या. वैशालीनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि ॲप उघडलं. सगळं ठीक! कुठं काही बिघडलेलं नाही. मग तिनं ताऱ्यांची यादी उघडली. एकच तारा होता. समोर नाव, "शेवंता".

"कोण गं?" मी विचारलं.

वैशाली सतरंजीवर बसलीच. "आत्या," ती म्हणाली.

आत्या म्हणजे काकूंची नणंद, जवळच्याच गावातली. आत्याच्या मुलीच्या लग्नात दोघींचं कशावरून तरी वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. एकाच बसमध्ये चढल्या तर एक पुढच्या सीटवर बसायची, एक मागच्या. वैशालीच्या वडलांच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा दोघी एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"आई, तारा एकच लावला?" वैशाली म्हणाली. "माहाबी नाई?"

"तुहा फोन त रोजच येते," काकू म्हणाल्या.

"आन आत्याचा कधी आलता?"

 काकूंनी खिरीची वाटी घेतली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. दादांना राहवेना. ते वाकून म्हणाले, "काकू, काय म्हनत होत्या मंग त्या?"

"काई नाई. चुकून लागला म्हने."

"मंग एवढा वेळ?"

काकूंनी फोन वैशालीच्या हातातून परत घेतला, पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

"आता कट कसा कराचा," त्या म्हणाल्या, "थे दोघीयलेबी येत नोहतं."